हवेतली जागा वाटायची तर आधी लिलावाचा नियम बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात वाचकांच्या पत्रांमध्ये एका गृहस्थांचं पत्र आलं होतं. मोबाइल नेटवर्कमध्ये जागा लिलावाने वाटावी असं काही संशोधक म्हणतायत, म्हणजे आता ज्याच्या खिशात जास्त त्याचाच व्हिडिओ चालणार आणि बाकीच्यांनी गोल फिरणारं चक्र बघत बसायचं, असा एकूण सूर होता. त्यांचा राग मला समजतो, अगदी मनापासून समजतो, कारण लिलाव म्हटलं की डोळ्यासमोर हातोडा आणि सगळ्यात मोठ्या आवाजात पुकारणारा माणूसच येतो. पण मी बरीच वर्षं वायरलेस नेटवर्क शिकवतेय आणि माझं म्हणणं असं आहे की बोली कोणाची मोठी हे बघण्याआधी पैसे कोणी, किती आणि कशाबद्दल द्यायचे हा नियम बघा, कारण नियम बदलला की तोच लिलाव पार वेगळा होतो, कधी गरजवंताच्या बाजूचा तर कधी नुसता तिजोरी भरणारा.

आधी वाटायचं काय आहे ते सांगते. डेटा ही काही संपणारी वस्तू नाही, संपते ती हवेतली जागा, म्हणजे फ्रिक्वेन्सी आणि वेळ. फोरजीचा टॉवर घ्या, तो आपल्या फ्रिक्वेन्सीच्या पट्टीचे १८० किलोहर्ट्झचे बारीक बारीक तुकडे करतो आणि दर मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाला, कुठला तुकडा कोणाच्या फोनला द्यायचा हे नव्याने ठरवतो. तुम्ही एखादा फोटो उघडेपर्यंत असे शेकडो निर्णय होऊन गेलेले असतात. गर्दी नसेल तर प्रश्नच नाही, सगळ्यांना मिळतं. गर्दी झाली की कोणाला तरी थांबावं लागतं आणि ते ठरवतो टॉवरमधला शेड्युलर नावाचा प्रोग्रॅम. तो बघतो आत्ता कोणाचा सिग्नल चांगला आहे, मघापासून कोणाला कमी मिळालंय, आणि त्यावरून वाटणी करतो. काम चांगलं करतो, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण साध्या इंटरनेटवर त्याला एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे गरज. दोन फोन आहेत, सिग्नल दोघांचा सारखा, एकावर डॉक्टर पेशंटचा स्कॅन उघडतोय आणि दुसऱ्यावर एक ॲप अपडेट होतंय जे रात्री दोन वाजता झालं तरी कोणाचं काही बिघडत नाही, शेड्युलरला दोन्ही सारखेच. आणि गरज नुसती विचारून कळत नाही, कारण विचारलं तर प्रत्येक जण मला अर्जंट आहे असंच म्हणणार. बोलीची कल्पना इथून येते. बोलीला काहीतरी मोजावं लागतं म्हणून माणूस, खरं तर त्याच्या फोनमधलं सॉफ्टवेअर, उगाच अर्जंट म्हणत नाही.

आता नियमाचं म्हणते ते काय, ते एका वर्गातल्या प्रसंगावरून सांगते. मी दर वर्षी पाच मुलांना पुढे बोलावते आणि प्रत्येकाला एक चिठ्ठी देते, त्यावर त्या मुलासाठी एका चॅनलची, म्हणजे हवेतल्या जागेच्या एका तुकड्याची, किंमत किती हे टोकनमध्ये लिहिलेलं असतं, ४०, ३५, २२, १५ आणि ९. कोणाला काय आलंय ते दुसऱ्याला माहीत नसतं. मग बंद पाकिटात बोली लिहायची, ज्याची जास्त त्याला चॅनल आणि त्याने स्वतःची बोली भरायची, हा आपल्या सगळ्यांना माहीत असलेला नियम. एका वर्षी काय झालं, ४० वाल्या मुलीने विचार केला की एवढं कोण देणार, थोडे वाचवू, आणि २५ लिहिले. ३५ वाल्या मुलाने २८ लिहिले आणि चॅनल त्याला गेलं. म्हणजे जिची गरज सगळ्यात जास्त तिलाच मिळालं नाही, आणि ते काही तिच्याकडे टोकन कमी होते म्हणून नाही, तर आपण भरणार तेच लिहायचं असेल तर प्रत्येक जण अंदाज बांधत बसतो आणि ज्याचा अंदाज चुकला तो घरी. मग मी नियम बदलला, बोली मोठी त्यालाच चॅनल पण त्याने भरायचं दुसऱ्या नंबरच्या बोलीएवढं. तीनेक फेऱ्यांत सगळी मुलं खरा आकडा लिहायला लागली, ४० वालीला चॅनल आणि भरले ३५. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, तिला ३५च द्यायचे आहेत ना, मग तिने ५० लिहिले तरी काय फरक पडतो?" मी म्हटलं, समजा उद्या दुसऱ्या कोणाच्या चिठ्ठीवर ४५ निघाले तर तुझ्या ५० ला चॅनल मिळेल आणि ४० च्या गरजेसाठी तू ४५ भरशील. आणि ३० लिहिले असते तर ३५ वाला घेऊन गेला असता. जास्त लिहिलं तरी तोटा, कमी लिहिलं तरी तोटा, त्यामुळे खरं लिहिणंच सगळ्यात सोपं. ही गोष्ट अर्थशास्त्रज्ञ विल्यम विकरी यांनी १९६१ साली मांडली, त्यांना १९९६ मध्ये अर्थशास्त्रातलं नोबेल जाहीर झालं आणि त्यानंतर तीनच दिवसांत ते गेले.

मिलिसेकंदात वाटणी करायची असेल तर याचं महत्त्व किती आहे हे लक्षात घ्या. फोनला समोरच्यांच्या डोक्यात काय चाललंय याचा हिशोब करत बसायला वेळ नाही आणि तेवढी बॅटरीही नाही, खरं सांगायचं आणि मोकळं व्हायचं असा नियम असेल तरच हे चालेल.

पण पुस्तकातला नियम जसाच्या तसा उचलला की काय होतं याचंही उदाहरण आहे, ते लपवायचं कारण नाही. न्यूझीलंडने १९९० मध्ये स्पेक्ट्रमचे, म्हणजे हवेतल्या फ्रिक्वेन्सी वापरण्याचे, परवाने याच दुसऱ्या बोलीच्या नियमाने विकले. एका कंपनीने एक लाख डॉलरची बोली लावली, दुसऱ्या नंबरची बोली होती ६ डॉलर, आणि परवाना ६ डॉलरला गेला. एका विद्यार्थ्याने एका छोट्या शहराच्या टीव्ही परवान्यासाठी १ डॉलर लावला, दुसरं कोणी आलंच नाही, त्याला परवाना फुकट मिळाला. लोक चिडले आणि चिडणारच. चूक काय होती, तर राखीव किंमतच, म्हणजे याच्या खाली विकायचं नाही असा आकडाच, ठेवली नव्हती आणि काही परवान्यांना मुळात दावेदारच मोजके होते. नियम चांगला असला तरी त्याला स्पर्धा लागते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे त्या पत्रात कुठेच नव्हतं आणि मला वाटतं बहुतेक चर्चांमध्येही नसतं. हवेतली जागा ही चित्रासारखी किंवा जमिनीच्या तुकड्यासारखी नाही, एकच चॅनल एकाच वेळी दोघांना देता येतं, फक्त ते एकमेकांपासून पुरेसे लांब पाहिजेत. समजा एका रांगेत तीन छोटे टॉवर आहेत, मधल्याचा त्रास दोन्ही बाजूंच्या टॉवरना होतो, पण टोकाचे दोघे एकमेकांना ऐकूही येत नाहीत. मधल्याची बोली १०, एका टोकाची ६, दुसऱ्या टोकाची ७. ज्याची बोली मोठी त्याला असं केलं तर मधला घेऊन जाणार आणि १० चं काम होणार, पण दोन्ही टोकांना दिलं तर १३ चं काम होतं! म्हणजे रेडिओच्या जगात सगळ्यात मोठी बोली जिंकायलाच पाहिजे असं नाहीच, दोन छोटे मिळून मोठ्याला हरवतात आणि तेच बरोबर असतं. मग त्या दोघांनी भरायचं किती, तर प्रत्येकाने आपल्यामुळे इतरांचं जेवढं नुकसान झालं तेवढं. ६ वाला नसता तर मधल्याला मिळून १० चं काम झालं असतं, तो असल्यामुळे इतरांचं ७ चं होतंय, म्हणून तो ३ भरेल. तसाच हिशोब केला तर ७ वाला ४ भरेल. मला हा हिशोब फार आवडतो, कारण इथे तुम्ही जागेचं भाडं देत नाही, तुमच्यामुळे ज्याला गप्प बसावं लागलं त्याची भरपाई मोजता. पैसेवाला आहे म्हणून नाही, दुसऱ्याला अडवतोय म्हणून किंमत. गर्दी नसेल, कोणाला त्रास होत नसेल, तर किंमत शून्य. त्या गृहस्थांना ज्या अन्यायाची भीती वाटते त्याच्या बरोबर उलटी ही गोष्ट आहे.

याच्यातही भोक आहे, तेही सांगते. तेच दोघे टोकाचे आधी भेटले आणि ठरवून दोघांनीही १०-१० सांगितले तर? गणित करून बघा, दोघांनाही जागा मिळते आणि दोघांनाही शून्य भरावं लागतं, मधला बिचारा खरं बोलून बाहेर. हा काही माझा शोध नाही, या पद्धतीचा हा माहितीतला दोष आहे आणि संशोधक त्यावर काम करतायत. शिवाय टॉवर तीन असतील तर कागदावर जमतं, हजारो असतील तर कोणाकोणाला एकत्र बसवता येईल याचं सगळ्यात चांगलं उत्तर काढायला कॉम्प्युटरलासुद्धा आवाक्याबाहेरचा वेळ लागू शकतो, मग जवळपास चांगल्या उत्तरावर भागवावं लागतं, आणि उत्तर जवळपासचं घेतलं की किंमतही जपून लावावी लागते नाहीतर खरं बोलण्याचा फायदाच निघून जातो. आणि संगनमत करायला भेटायलाच लागतं असंही नाही. जर्मनीत १९९९ मध्ये स्पेक्ट्रमच्या दहा ब्लॉकचा, म्हणजे तुकड्यांचा, लिलाव होता, दर वेळी बोली किमान १० टक्क्यांनी वाढवायची असा नियम. मान्समन नावाच्या मोबाइल कंपनीने पाच ब्लॉकवर २० लावले आणि बाकीच्या पाचांवर १८.१८, आकडे मेगाहर्ट्झमागे दशलक्ष मार्कांचे, मार्क म्हणजे जर्मनीचं तेव्हाचं चलन. १८.१८ वर १० टक्के चढवले की किती होतात? जवळजवळ २०. समोरच्या टी-मोबाइल कंपनीला निरोप पोचला की ते पाच तुम्ही २० ला घ्या, हे पाच आम्ही ठेवतो, आणि दोनच फेऱ्यांत लिलाव संपला. बोलीच्या आकड्यातून गप्पा मारता येतात, म्हणून बोली कशी लावायची, कोणाला काय दिसायचं, हे सगळं नियमातच आलं पाहिजे.

आणखी एक साधी पद्धत आहे जी मला नेटवर्कसाठी जास्त व्यवहारी वाटते, सगळं किंवा काहीच नाही असं न करता बोलीच्या प्रमाणात वाटायचं. तुमची बोली एकूण बोलींच्या दहा टक्के असेल तर तुम्हाला दहा टक्के वेग, झालं. कोणी शून्यावर जात नाही, छोट्या बोलीवाल्यालाही त्याचा वाटा मिळतोच. फ्रँक केली या गणितज्ञांनी १९९७ च्या सुमारास याचं गणित मांडलं. लोक चलाखी करतील ही शंका इथेही येते, आपल्या बोलीने वेगाचा दर वाढतो हे ओळखून ते हात आखडता घेतील. पण रमेश जोहरी आणि जॉन सिट्सिक्लिस या संशोधकांनी २००४ मध्ये सिद्ध केलं की एका लिंकवर, म्हणजे नेटवर्कच्या एका जोडणीवर, सगळ्यांनी जरी अशी चलाखी केली तरी एकूण फायदा आदर्श वाटणीच्या ७५ टक्क्यांच्या खाली जात नाही. जास्तीत जास्त पाव भाग जाईल अशी हमी, आणि बदल्यात पद्धत इतकी सोपी की पाचवीतल्या मुलाला सांगता येईल. हीच कल्पना पुढे हुआंग, बेरी आणि होनिग या संशोधकांनी २००६ मध्ये रेडिओला लावली, सगळ्यांनी एकाच पट्टीत बोलायचं पण एका मोजमापाच्या जागी सगळ्यांच्या सिग्नलचा मिळून गोंगाट ठराविक मर्यादेच्या वर जाता कामा नये, आणि त्या मर्यादेतला वाटा बोलीच्या प्रमाणात. त्यात एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे, दर तुम्ही सिग्नलच्या दर्जावर लावता की पॉवरवर लावता यावरून निकाल बदलतो, एकात समानतेकडे झुकतो आणि दुसऱ्यात एकूण फायद्याकडे. बोली त्याच, माणसं तीच, फक्त मीटर कशाला लावला एवढाच फरक.

राहिला श्रीमंत-गरिबाचा प्रश्न, तो मी टाळणार नाही कारण तो खरा आहे. ज्याच्याकडे पैसे जास्त त्याची साधी हौसही दुसऱ्याच्या गरजेपेक्षा मोठी बोली लावू शकते, कितीही चांगला नियम असला तरी पैशातल्या बोलीत हे होणारच. पण बोली पैशातच पाहिजे असं कोणी सांगितलं? अमेरिकेत अन्नपेढ्यांचं एक मोठं जाळं आहे, २००५ पासून तिथे दान आलेलं धान्य-भाजी कुठल्या पेढीला जायची हे लिलावाने ठरतं, पण बोली लावायची ती खास त्याच कामासाठी दिलेल्या आभासी चलनात, आणि ते चलन ज्या पेढीकडे गरजू जास्त तिला जास्त मिळतं. नेटवर्कमध्येही हे करता येईल, प्रत्येक ग्राहकाला महिन्याला सारखेच टोकन द्या, विकायला बंदी, आणि ते कधी खर्च करायचे हे त्याचं त्याने ठरवावं. ज्याला परीक्षेच्या दिवशी लागतील तो त्या दिवशी लावेल, ज्याला मॅच बघायची तो त्या दिवशी. म्हणजे लिलाव माणसामाणसांत कमी आणि तुमच्याच दोन दिवसांमध्ये जास्त होतो. मला स्वतःला हाच रस्ता पसंत आहे.

आणि काही गोष्टी लिलावात आणायच्याच नाहीत. इमर्जन्सी कॉलची बोली लागता कामा नये, त्याला पहिला हक्क. प्रत्येकाला किमान एवढा वेग मिळेलच असा तळ ठेवायचा आणि त्याच्या वरच्याच जागेचा लिलाव करायचा. हे स्वप्नरंजन नाही, मोठ्या प्रमाणावर असं करून झालंय. अमेरिकेत ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्झच्या पट्टीत तीन पायऱ्या आहेत, वर नौदलाचं रडार वगैरे आधीचे हक्कदार, मध्ये २०२० च्या लिलावात परवाना घेतलेले, आणि खाली कोणीही, परवाना न घेता. परवानेवाला एखाद्या जागी ती पट्टी वापरत नसेल तर खालचा तिथे खुशाल वापरू शकतो, एक ऑटोमॅटिक यंत्रणा हे सगळं बघते. पैसे भरले म्हणून कुलूप लावून ठेवता येत नाही. आणि वायफाय तर सगळ्यांना माहीत आहे, २.४ गिगाहर्ट्झची पट्टी अमेरिकेत १९८५ मध्ये अशा वापरासाठी मोकळी झाली, तिचा लिलाव कोणी केला नाही, आणि आज घराघरात काय चाललंय ते बघा. लिलावाच्या बाजूने बोलणाऱ्या माणसानेही ही गोष्ट विसरू नये असं मला वाटतं.

दुसऱ्या बाजूने, लिलाव नको तर काय हेही त्या गृहस्थांनी सांगायला हवं होतं. अमेरिकेत आधी सुनावण्या घेऊन परवाने द्यायचे, त्यात वर्षं जायची, मग १९८० च्या दशकात सोडत काढायला लागले, त्यात मोबाइलशी काडीचा संबंध नसलेले लोक अर्ज भरायचे, परवाना लागला की लगेच मोठ्या रकमेला विकून मोकळे व्हायचे. पैसे तर गेलेच, फक्त ते सरकारकडे न जाता नशीबवानांकडे गेले. १९९४ मध्ये लिलाव सुरू झाले ते या अनुभवानंतर. लिलावानेही गोंधळ केलेत, १९९६ मध्ये नेक्स्टवेव्ह नावाच्या नव्या कंपनीने हप्त्यांवर साडेचार अब्ज डॉलरच्या वर बोली लावली, दोन वर्षांत दिवाळखोरीत गेली, आणि प्रकरण २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपेपर्यंत ती पट्टी बहुतांश पडून राहिली. याचं मला जास्त वाईट वाटतं, पैशांपेक्षाही. धान्य गोदामात ठेवून पुढच्या वर्षी खाता येतं, पण काल न वापरलेला मिलिसेकंद आज वापरता येत नाही, तो गेला.

म्हणून संपादकसाहेब, एक विनंती आहे. स्पेक्ट्रमच्या लिलावाची बातमी आली की सगळीकडे मथळा असतो सरकारला इतके कोटी मिळाले, आणि रक्कम मोठी असली की लिलाव यशस्वी. ब्रिटनला २००० मध्ये थ्रीजीच्या पाच परवान्यांचे साडेबावीस अब्ज पाउंड मिळाले आणि त्याच वर्षी नेदरलँड्सला पाच परवान्यांचे २.७ अब्ज युरो, माणशी हिशोब केला तरी खूपच कमी. ब्रिटनमध्ये जुन्या कंपन्या चार आणि परवाने पाच, म्हणून नव्यांना आशा होती आणि तेरा जण आले, नेदरलँड्समध्ये जुन्या पाच आणि परवानेही पाच, तर बाहेरचा येईल कशाला. हे मथळ्यात कधी दिसत नाही. पुढच्या वेळी बातमी छापाल तेव्हा रकमेच्या शेजारी जिंकणाऱ्याने कुठल्या नियमाने पैसे भरले, किती पट्टी न विकता पडून राहिली आणि किती सगळ्यांसाठी मोकळी ठेवली, एवढं तरी द्या. आणि ज्यांनी ते पत्र लिहिलं त्यांना माझा निरोप पोचवा की चिठ्ठ्यांचा तो खेळ मी पुढच्या सत्रात परत घेणार आहे, त्यांना यायचं असेल तर ४० ची चिठ्ठी मी त्यांच्यासाठी ठेवते.

आपली,
एक नियमित वाचक